परदेशाआधी घाट उतरू दे

पत्र थोडक्यात: मी २७ वर्षांची आहे. मूळची कोल्हापूरची, नोकरीनिमित्त पुण्यात राहते. वडील नाहीत. आई आणि १९ वर्षांचा धाकटा भाऊ कोल्हापुरात असतात. भाऊ गोलकीपर आहे, उंची सहा फूट एक इंच. शाळेपासून तालमीकडून खेळतो (कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात). मधे एक हंगाम एका मोठ्या क्लबच्या युवा संघात होता, रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये चार सामने खेळला. पुढच्या वर्षी त्यांनी करार वाढवला नाही. २०२५ च्या जुलैत आयएसएल (इंडियन सुपर लीग, देशातली अव्वल फुटबॉल लीग) रखडली तेव्हापासून 'आपल्याकडं काही खरं नाही' हे त्याच्या डोक्यात बसलंय. आता एका एजंटानं व्हॉट्सॲपवर गाठलंय. युरोपातल्या एका देशात दुसऱ्या श्रेणीच्या क्लबकडे दोन आठवड्यांची ट्रायल, 'करार नव्वद टक्के पक्का', खर्च साडेसात लाख, त्यातले दोन लाख पंधरा तारखेच्या आत भरायचे. माझ्या लग्नासाठी साठवलेले सहा लाख आहेत. आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. भाऊ म्हणतो, 'वीस ओलांडलं की कुणी विचारत नाही, आणि इथं राहून कुठला गोलकीपर मोठा झालाय?' नाही म्हटलं तर जन्मभराचं खापर माझ्यावर फुटेल. मी तीन वर्षांत त्याची एकही मॅच बघितलेली नाही, त्यामुळं तो किती चांगला आहे हेही मला सांगता येत नाही. पैसे द्यावेत का?

ताई,

तारीख जवळ आली आहे, म्हणून उत्तर आधी सांगतो. पंधरा तारखेला पैसे भरू नका.

पण एवढं सांगून मी थांबलो तर तुमच्या डोक्यावरचा ताण जाईल आणि भावाचा प्रश्न तिथंच राहील. परदेशात खेळायची त्याची इच्छा खरी आहे, आणि तिच्यात वावगं काहीच नाही. मी स्वतः बारा वर्षं गोलमध्ये उभा राहिलो आणि गेली अठरा वर्षं मुलांना गोलकीपिंग शिकवतोय. ही इच्छा माझ्याकडं येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पोराच्या डोळ्यांत असते. तिला वाट काढून द्यायला हवी. मला खटकतात ती तिच्या भोवतीची तीन-चार गृहीतकं, जी त्यानं धरली आहेत आणि तुम्हीही नकळत मान्य केली आहेत.

पहिलं वयाचं. 'वीस ओलांडलं की कुणी विचारत नाही' हे विंगवर पळणाऱ्या मुलाच्या बाबतीत थोडंफार खरं असेल. गोलकीपरच्या बाबतीत ते उलटं आहे. या जागेवरचा माणूस उशिरा पिकतो. बॉल अडवण्याची चपळाई अठराव्या वर्षीही असते. पण बाजूनं उंच क्रॉस आला की बाहेर पडायचं की लाइनवर थांबायचं, डिफेंडरला कधी पुढं ढकलायचं, दहाव्या मिनिटाला चूक झाल्यावर पुढची ऐंशी मिनिटं डोकं कसं थंड ठेवायचं, हे सामने खेळूनच अंगात मुरतं. इटलीचा दिनो झोफ चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून १९८२ चा विश्वचषक जिंकला. इजिप्तचा एसाम अल हदारी २०१८ च्या विश्वचषकात पंचेचाळिसाव्या वर्षी खेळला आणि त्या सामन्यात त्यानं पेनल्टीही अडवली. ही टोकाची उदाहरणं झाली. जवळचं हवं असेल तर गोव्याचा लक्ष्मीकांत कट्टीमणी घ्या. २० मार्च २०२२ ला फातोर्ड्याच्या मैदानावर आयएसएलची अंतिम लढत टायब्रेकरवर गेली, तेव्हा हैदराबादकडून त्यानं केरळा ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवल्या. त्या दिवशी तो बत्तीस वर्षांचा होता. तुमचा भाऊ एकोणीसचा आहे. त्याच्याकडं सगळ्यात जास्त असलेली गोष्ट वेळ आहे, आणि ती संपत आल्याचं त्याला कुणीतरी पटवून दिलंय. घाईत असलेल्या माणसाकडून पैसे काढणं सोपं जातं.

दुसरं गृहीतक, 'इथं राहून कुणी मोठा झाला नाही'. आपल्याकडं परदेशाचं नाव निघालं की गुरप्रीत सिंग संधूचं नाव येतं, ते बरोबरच आहे. पण त्याचा प्रवास नीट बघायला हवा. तो २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबकडे गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याआधी २००९ पासून तो ईस्ट बंगालशी जोडलेला होता, आणि २०११ मध्ये भारतासाठी पहिला आंतरराष्ट्रीय सामनाही खेळून झाला होता. म्हणजे तो इथं घडून गेला. आणि तिथं गेल्यावर काय झालं? त्याच्यापुढं आयव्हरी कोस्टचा सायूबा मांदे हा पहिल्या पसंतीचा गोलकीपर होता. लीगमधल्या पहिल्या सामन्यासाठी गुरप्रीतला २०१६ उजाडावं लागलं. त्याच वर्षी ३० जूनला तो युरोपा लीगच्या पात्रता फेरीत वेल्सच्या कॉनाज् की नोमॅड्सविरुद्ध उतरला आणि त्या स्पर्धेत खेळलेला पहिला भारतीय ठरला. बातमी त्या दिवसाची झाली. त्याआधीच्या दोन वर्षांतल्या रोजच्या सकाळच्या सरावाची, आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसून बघण्याची बातमी झाली नाही. २०१७ मध्ये तो बंगळुरूला परत आला. २०१९ च्या सप्टेंबरात दोह्यात आशियाई विजेत्या कतारला आपण ०-० रोखलं, त्या रात्री कर्णधारही तोच होता आणि भिंतही तोच. नॉर्वेनं त्याला घडवण्यात हातभार लावला यात शंका नाही. पण तो तिथं पोचला तेव्हा त्याच्याजवळ पाच वर्षांची शिदोरी होती.

त्याच २०१४ मध्ये सुब्रत पाल डेन्मार्कच्या वेस्टशेलँड क्लबकडे गेला होता. २०११ च्या आशिया चषकात कोरियाविरुद्ध त्यानं केलेले बचाव ज्यांनी पाहिलेत त्यांना त्याच्या कुवतीबद्दल सांगायला नको. तो भारताचा पहिल्या क्रमांकाचा गोलकीपर होता, आणि तरीही तिथल्या मुख्य संघाकडून लीगमध्ये खेळायला न मिळता परतला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात लक्ष वेधून घेणारा धीरजसिंग मोइरांगथेम स्कॉटलंडच्या मदरवेलकडे सरावाला जाऊन आला आणि मग केरळा ब्लास्टर्सकडून खेळायला लागला. ही नावं मी भावाला नाउमेद करायला सांगत नाही. हे तिघंही जाऊन आले याचा मला अभिमानच आहे. मला एवढंच दाखवायचंय की तिघांनाही तिथलं दार उघडलं ते त्यांच्या इथल्या खेळामुळं.

गोलकीपरला परदेशी जागा मिळणं इतकं अवघड का, हे आम्ही मैदानावरची माणसं कधी नीट सांगत नाही. एका संघात तीन-चार गोलकीपर असतात आणि खेळतो एक. स्ट्रायकरला शेवटची दहा मिनिटं तरी मिळतात. दुसऱ्या क्रमांकाच्या गोलकीपरला पहिल्याची दुखापत किंवा लाल कार्ड याचीच वाट बघावी लागते. त्यात परदेशी खेळाडूंच्या संख्येवर बऱ्याच लीगमध्ये मर्यादा असते. ती मोजकी जागा क्लब गोल करणाऱ्याला देतात, गोल वाचवायला गावातलाच पोरगा उभा करतात. आपल्या आयएसएलमध्ये हेच दिसतं: परदेशी स्ट्रायकर भरपूर, गोलमध्ये बहुतेक भारतीय. दक्षिण कोरियानं तर १९९९ पासून पंचवीस वर्षांहून अधिक काळ आपल्या लीगमध्ये परदेशी गोलकीपरवर बंदीच ठेवली होती, कारण देशी गोलकीपरना खेळायला मिळेना. सोव्हिएत संघातून आलेला वलेरी सारिचेव्ह तिथं इतका भारी पडत होता की शेवटी तो २००० मध्ये कोरियाचा नागरिक होऊन, नाव बदलून परत उभा राहिला. अमेरिकेच्या ब्रॅड फ्रीडेलला नव्वदच्या दशकात इंग्लंडनं कामाचा परवाना एकदा नव्हे, अनेकदा नाकारला. डेन्मार्क, तुर्कस्तान आणि पुन्हा अमेरिका असं फिरून तो १९९७ मध्ये लिव्हरपूलला पोचला. पुढं याच माणसानं प्रीमियर लीगमध्ये सलग ३१० सामने खेळून दाखवले. आपल्या सुनील छेत्रीचं इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सला जाणं २००९ मध्ये परवान्यावरूनच फिसकटलं. तेव्हा परवान्यासाठी खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरात असावा लागे, आणि भारत नव्हता. म्हणजे पोराचा खेळ कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात नसलेल्या गोष्टी बऱ्याच आहेत. 'नव्वद टक्के पक्का' म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो एजंट नाही, आणि ठाऊक असेल तर तो खोटं बोलतोय.

आता त्या माणसाविषयी. मी त्याला ओळखत नाही, म्हणून चोर म्हणणार नाही. पण तपासणी तासाभरात होते, ती भावाला शेजारी बसवून करा. फिफानं एजंटांसाठी परीक्षा आणि परवाना २०२३ पासून पुन्हा लागू केलाय, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. तिथं याचं नाव आहे का बघा. मग क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून त्यांचा ईमेल घ्या. एजंटानं दिलेला पत्ता वापरू नका. चार ओळी लिहा: या नावाच्या खेळाडूला या तारखांना तुम्ही बोलावलंय का, गोलकीपिंग कोच कोण आहेत, राहायची सोय कोण करणार? खरा क्लब उत्तर देतो. खऱ्या क्लबला एखादा मुलगा बघायचा असेल तर तो त्याच्याकडून बघण्याची फी घेत नाही. फार तर विमानाचं तिकीट तुमचं तुम्ही काढा म्हणेल. एजंटाची कमाई करार झाल्यावर, मिळणाऱ्या पगारातल्या टक्क्यांतून व्हायला हवी. आधीच साडेसात लाख मिळाले तर करार होवो न होवो, त्याचं काम झालेलं असतं.

व्हिसा कुठला काढणार हे विचारलंत का? शेंजेन देशांचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक, अल्पमुदतीचा व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहू देतो. त्यावर पगारी खेळाडू म्हणून काम करता येत नाही. करारासोबत कामाचा आणि राहण्याचा परवाना लागतो, तो क्लबनं उभं राहून मिळवायचा असतो. भारतातून खेळाडू बाहेर जाताना आंतरराष्ट्रीय हस्तांतरण प्रमाणपत्र लागतं, पण ते तिकडची संघटना आपल्या अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडून (एआयएफएफ) फिफाच्या प्रणालीतून मागवते. त्याच्या नावाखाली कुणी तुमच्याकडं रोख मागितली तर तिथंच उठा. आणि हे वाचणाऱ्या आईवडिलांपैकी कुणाचा मुलगा अठराच्या आतला असेल तर त्यांच्यासाठी: काही मोजके अपवाद सोडले तर अठराच्या आतल्या खेळाडूचं परदेशी क्लबमध्ये हस्तांतरण फिफाच्या नियमांत बसतच नाही. त्या वयाच्या मुलाला कुणी परदेशी करार देतो म्हणाला तर पुढचं ऐकूच नका.

हे मी इतक्या पोटतिडकीनं का लिहितोय तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडं शिकलेला एक मुलगा असाच गेला. जायच्या आधी मला विचारायला आला होता. मी कागद मागितले नाहीत, फोन केला नाही. 'जाऊन ये, अनुभव मिळेल' म्हणालो. तिथं एका वसतिगृहात वेगवेगळ्या देशांतली पोरं होती, सगळी पैसे भरून आलेली. भाड्यानं घेतलेल्या मैदानावर ती एकमेकांविरुद्ध खेळली. ज्या क्लबचं नाव सांगितलं होतं त्या क्लबचा एकही माणूस सोळा दिवसांत तिथं फिरकला नाही. मुलगा परत आला, पण लोकांना काय सांगायचं या शरमेनं वर्षभर मैदानात उतरला नाही. वीस ते एकवीस हे वर्ष त्याचं गेलं. पैसे वडिलांनी हळूहळू फेडले. ते वर्ष मात्र कुणाला परत आणून देता आलं नाही. त्यातला माझा वाटा मी विसरलेलो नाही.

एक गोष्ट ट्रायलच्या जाहिरातीत कधीच नसते, ती म्हणजे भाषा. गोलकीपर नव्वद मिनिटं बोलत असतो. 'माझा!', 'सोड!', 'मागं माणूस!', 'डावीकडं सरक!' ही हाक अर्धा सेकंद उशिरा गेली की गोल होतो. कोल्हापुरात तुमचा भाऊ ज्या भाषेत ओरडतो ती त्याच्या बॅकलाइनला आईच्या हाकेसारखी कळते. परदेशी ड्रेसिंग रूममध्ये त्याला हेच सगळं नव्या भाषेत, विचार न करता, तोंडातून बाहेर काढावं लागेल. बाहेर खेळायचं ज्याच्या मनात आहे त्यानं आजपासून इंग्रजीत हाका मारायचा सराव सुरू करावा. याला पैसे लागत नाहीत. आणि एकटेपणाची तयारीही करावी लागते. नॉर्वे-डेन्मार्ककडच्या हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो, मैदान कडक असतं, हातमोज्यांतही बोटं बधिर होतात. सहा दिवस सराव करून सातव्या दिवशी संघाच्या यादीत आपलं नाव नसतं, आणि रात्री आईला फोनवर 'सगळं छान चाललंय' असं सांगायचं असतं.

मग करायचं काय? माझं म्हणणं हेच की, ज्या मैदानावर त्याला वर्षात पंचवीस-तीस सामने गोलमध्ये उभं राहायला मिळेल ते मैदान शोधा. मग ते कुठल्याही देशात असो. मोठ्या क्लबच्या युवा संघात त्याला हंगामात चार सामने मिळाले. चार सामन्यांत गोलकीपर घडत नाही, आणि परीक्षाही होत नाही. करार वाढला नाही यावरून त्यानं स्वतःची किंमत ठरवू नये.

कोल्हापूरचं फुटबॉल मला प्रिय आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची किंवा शिवाजी तरुण आणि खंडोबाची मॅच असते तेव्हाचा दंगा ज्यानं सोसलाय त्याला कुठल्याही गर्दीची भीती वाटत नाही. अनिकेत जाधव याच शहरातून २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेला. पण तिथला हंगाम गोलकीपरच्या वाढीला पुरत नाही, आणि सगळे स्ट्रायकर त्याच्या ओळखीचे झालेले असतात. कोण कुठल्या पायानं मारतो हे त्याला झोपेतही ठाऊक असेल. त्याला अनोळखी पाय हवेत. त्यासाठी आधी घाट उतरू दे. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, सावंतवाडी, की आलं गोवा. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, स्पोर्टिंग या क्लबांची नावं जिथं घराघरात घेतली जातात, भात कापल्यावर शेतात गोलपोस्ट उभे राहतात, ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर ज्या मातीनं देशाला दिला, ती जागा तुमच्या घरापासून एका दिवसाच्या अंतरावर आहे. तिथल्या प्रो लीगमधल्या मधल्या किंवा खालच्या फळीतल्या संघाकडे जाऊन चाचणी द्यावी. मोठं नाव बघू नये, 'तुमचा पहिला गोलकीपर कोण आहे आणि त्याच्या मागं किती जण आहेत' हे विचारावं. बाहेरच्या राज्यातल्या खेळाडूंसाठी प्रत्येक लीगचे वेगळे नियम असतात, ते आधी समजून घ्यावेत. गोव्यात नाही जमलं तर मुंबई, बंगळुरू, कोलकाता आहे. आयएसएलच्या खालच्या श्रेणींतल्या लीगमधले क्लब आहेत. साडेसात लाखांत, माझ्या हिशेबानं, दुसऱ्या शहरात साधं राहून-खाऊन दोन-तीन वर्षं निघतात. दोन आठवड्यांच्या ट्रायलपेक्षा मी माझ्या मुलासाठी हे निवडलं असतं.

सोबत दोन कामं. त्याचे सामने पूर्ण, न कापता साठवा. कोल्हापुरातले कित्येक सामने यूट्यूबवर थेट दिसतात, ते उतरवून घ्या. क्लबच्या कोचला उड्या मारलेली तीन मिनिटांची चित्रफीत नको असते. बॉल दुसऱ्या टोकाला असताना हा कुठं उभा आहे, गोल खाल्ल्यावर काय करतो, पायानं पास कसा देतो, हे त्याला बघायचं असतं. दुसरं म्हणजे शिक्षण सोडू नये. अदिती चौहान इंग्लंडला गेली ती लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला, आणि तिथून २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात पोचली. शिक्षणाच्या व्हिसावर खेळण्याचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते नीट तपासावे लागतात. पण परदेशी मैदान गाठायचा हा एक सरळ, इभ्रतीचा रस्ता आहे. खेळ थांबला तरी हातात पदवी राहते. हे पैसे पुढं कधी परदेशासाठी खर्च करायचेच असतील तर या वाटेवर झालेले मला जास्त आवडतील.

आणि समजा पुढं दोन-तीन वर्षांनी खरा करार समोर आलाच, तर सहीआधी एवढं लक्षात ठेवा. 'वैद्यकीय चाचणी पास झाला तर' किंवा 'परवाना मिळाला तर' करार लागू, अशी अट फिफाचे नियम मानत नाहीत. ही तपासणी क्लबनं सहीच्या आधी करायची असते. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन, पंधरा दिवसांची मुदत देऊन खेळाडू करार मोडू शकतो. करार ज्या भाषेत आहे ती येत नसेल तर भाषांतर मागा. फुटबॉल प्लेअर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही खेळाडूंची संघटना आहे, तिच्याकडं कागद दाखवून सल्ला घ्या.

आता तुमच्याविषयी, कारण पत्रभर तुम्ही भावाविषयी लिहिलंय आणि स्वतःविषयी एकच वाक्य: खापर माझ्यावर फुटेल. ताई, वडिलांच्या जागी उभं राहायची सवय लागली की प्रत्येक 'नाही' हा गुन्हा वाटायला लागतो. पण तुमच्यापुढं 'हो' आणि 'नाही' एवढेच दोन पर्याय नाहीत. 'या माणसाला पैसे देणार नाही. तुझ्या खेळासाठी दर महिन्याला इतके देईन, दोन वर्षं देईन' असं आकडा घालून सांगता येतं. आकडा तुम्हाला झेपेल तेवढाच ठेवा. लग्नाचे सहा लाख मोडू नका आणि आईच्या पाटल्यांना हात लावू देऊ नका. घरच्या त्यागाचं ओझं घेऊन गोलमध्ये उभा राहिलेला मुलगा चूक करायला घाबरतो, आणि चुकायला घाबरणारा गोलकीपर लाइन सोडून बाहेर येत नाही. असे कितीतरी मी पाहिलेत.

पुढच्या चार ओळी त्याला वाचून दाखवा.

बाळा, २०१४ मध्ये एदुआर मेंडी नावाचा गोलकीपर बावीस वर्षांचा होता. फ्रान्समधल्या शेरबूर क्लबशी त्याचा करार संपला. इंग्लंडात क्लब मिळवून देतो असं एजंटानं सांगितलं होतं, ऐनवेळी काहीच झालं नाही. वर्षभर त्याला क्लब नव्हता, बेरोजगार म्हणून नाव नोंदवायची वेळ आली. तरी त्यानं सराव थांबवला नाही. मग मार्सेचा राखीव संघ, मग दुसऱ्या श्रेणीतलं रॅंस, मग रेन असं करत तो २०२० मध्ये चेल्सीला पोचला आणि २०२१ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला. तू अजून त्या बावीसपासूनही लांब आहेस. एजंटाला आज एक निरोप पाठव: परवाना क्रमांक आणि क्लबचं पत्र पाठवा, तोवर पैसे नाहीत. तो चिडला, 'मग जागा जाईल' म्हणाला, तर तुला जे कळायचं ते कळेल.

आणि ताई, पंधरा तारखेच्या आसपास त्याची मॅच असेल तर पुण्याहून रात्रीची गाडी पकडा. गोलच्या मागच्या बाजूला जागा धरून बसा. त्यानं किती बॉल अडवले ते मोजू नका. तो किती बोलतो, आणि गोल खाल्ला तर पुढच्या मिनिटाला त्याचा आवाज तसाच येतो का, ते ऐका. आणि मला लिहा.